गुरुजींचे औषध माझ्या पोटात

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. लगेच नाक मुरडलेत ना, मित्रांनो? मुरडा. सत्तर वर्षे मी तेच पाहत आले आहे, आता त्याचे काही वाटत नाही. लोकांनी तोंडातले नको ते टाकावे आणि मी ते निमूटपणे घ्यावे, हाच माझा जन्मभराचा उद्योग. खरे सांगायचे तर मी थकले आहे. पण एक गोष्ट पोटात ठेवून ठेवून फार जड झाली आहे, तेवढी सांगून टाकते. आमच्या गुरुजींचे जवळजवळ चार महिन्यांचे औषध मी घेतले. मला कसलाही आजार नसताना!

माझा जन्म काशीच्या ठठेरी बाजारातला. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून कारागिराने माझे पोट गोल केले, मान बारीक ठेवली आणि तोंड पसरट केले. तिथून मला विश्वेश्वरशास्त्र्यांनी दूधविनायकाच्या गल्लीत आणले. या गल्लीत मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की हिंदी, असा इथला रिवाज. शास्त्रीबुवांना पानाचा भारी शौक. संध्याकाळी त्यांच्या बैठकीत पंडित जमत, वाद रंगत, आणि मी मधोमध बसलेली असे. वादात हरत आलेला माणूस जरा जोरातच थुंकतो, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आले. एका शेटजींनी मला हातात उचलून “वाह, क्या चीज़ है!” असे म्हटले होते. माझ्या आयुष्यात कौतुक म्हणावे असे तेवढेच झाले.

शास्त्रीबुवा गेले आणि माझे काम संपले. त्यांचे चिरंजीव देवव्रत गुरुजी पानाला शिवत नसत. ते घनपाठी आहेत. म्हणजे वेदातले शब्द पुढून मागून, उलटसुलट जोड्या लावून, पुस्तकाशिवाय आणि एकही स्वर न चुकता म्हणणारे. हे शिकायला त्यांना बारा वर्षे लागली. घसा बिघडू नये म्हणून त्यांनी पान नाही, आंबट नाही, माठातले गार पाणीसुद्धा नाही, असा सारा जन्म काढला. पहाटे त्यांचा आवाज लागला की गल्लीतला दूधवाला सायकलवरून उतरून थोडा वेळ उभा राहत असे. अशा घरात पिकदाणीला कोण विचारतो? मला जिन्याखालच्या कोनाड्यात ढकलले. शेजारी एक मोडकी छत्री आणि सुतळीचे गुंडाळे. वर्षानुवर्षे मी तिथे काळी पडत राहिले.

गुरुजींना दम्याने गाठले ते एक्केचाळिसाव्या वर्षी. होमाचा धूर, गल्लीतली धूळ, थंडीतले दाट धुके, काहीही निमित्त पुरे. पहिली पंधरा वर्षे त्यांनी निळ्या पंपावर काढली. जीव घुसमटला की दोन फवारे मारायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. फारच झाले तर दुकानातून कुणाला न विचारता आणलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या. त्या गोळ्यांनी दोन दिवसांत छाती मोकळी होई. पण चेहरा सुजे, आणि पुढे रक्तात साखरही वाढली. मागच्या वर्षी चैत्रात मात्र असा जोराचा अटॅक आला की बँकेत नोकरी करणारी त्यांची मुलगी नीरजा रजा टाकून त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. या डॉक्टर कालिंदीबाई.

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि एक नारिंगी पंप दिला. हा रोज घ्यायचा, सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन. त्रास असो वा नसो. नीरजा जिन्यावर बसून सूचनांचा कागद वाचून दाखवत होती. ती अगदी माझ्या डोक्यावर बसली होती, म्हणून अक्षर अन् अक्षर मला ऐकू आले.

“बाबा, नीट ऐका. यानं अटॅक येणंच कमी होईल. पण काहींचा आवाज बसतो, जिभेवर पांढरं येतं. म्हणून दवा घेतल्यावर लगेच कुल्ला करायचा.”

“करतो,” गुरुजी म्हणाले.

“रोज. भूल नाही चालणार.”

“अगं, करतो म्हटलं ना.”

आणि त्यांनी तो केला. म्हणजे त्यांना जे वाटले ते केले. मित्रांनो, सगळा घोटाळा इथेच झाला. गुरुजी पहाटे स्नान करून, सोवळे नेसून मग पंप घेत. पंपाची नळी तोंडात गेली की तोंड उष्टे झाले. आता कुल्ला करायला, म्हणजे चूळ भरायला, मोरीत जावे तर सोवळे मोडणार. मग ते देवघरातल्या पळीने गंगाजलाचे तीनदा आचमन करत आणि संध्येला बसत. संध्याकाळीही तसेच. गंगाजल तोंडात घेतले की ते गिळायचे असते. ते थुंकायचे असते, हा विचार दूधविनायकातल्या कुणा माणसाच्या मनात येणार नाही. तीन पळ्या पाण्याने तोंड शुद्ध झाले, असे ते धरून चालले. औषधाला त्या शुद्धीतले काही कळत नव्हते. ते घशावर जसेच्या तसे बसून राहिले.

ज्येष्ठ, आषाढ बरे गेले. गुरुजी घाटाच्या पायऱ्या न थांबता चढू लागले. पद्माबाई, म्हणजे त्यांची पत्नी, सगळ्यांना सांगत सुटल्या की दवा एकदम लागू पडली. श्रावणात आवाज घोगरा झाला. भाद्रपदात तो फाटला. सकाळी शिकायला येणारे सात विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. वरचा स्वर लावायला जावे तर नुसती हवा बाहेर येई. एके दिवशी गुरुजींनी पाठ अर्ध्यावर सोडला आणि ते जिन्यावर येऊन बसले.

“चाळीस वर्षांचा आवाज एका नळीनं खाल्ला,” ते पद्माबाईंना म्हणाले.

“डॉक्टरांना फोन करू या ना.”

“काय सांगायचं त्यांना? त्यांनी आधीच सांगितलं होतं आवाज बसेल म्हणून. त्यांच्या लेखी आवाज म्हणजे मामुली चीज आहे.”

पद्माबाईंना श्वासाची काळजी होती आणि गुरुजींना आवाजाची. एकाच घरात राहून दोघे दोन वेगळ्या गोष्टींना भीत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी कोनाड्यापाशी आले. पंप माझ्या वरच्याच फळीवर असे. त्यांनी तो नेहमीसारखा हलवला, इकडेतिकडे पाहिले, खाली वाकले आणि पंपाचे तोंड माझ्या तोंडात घातले. फुस्स. थोडे थांबून पुन्हा फुस्स.

मी चक्रावलेच! मग कारण कळले. पंपाच्या पाठीवर एक बारीक खिडकी असते आणि तिच्यात किती फवारे उरले तो आकडा दिसतो. नीरजा दर रविवारी तो पाहत असे. आणि स्वयंपाकघरात पद्माबाई रोज तो ‘फुस्स’ ऐकायला कान देऊन असत. म्हणजे आकडा उतरायला हवा, आवाजही व्हायला हवा, फक्त औषध तेवढे घशात जायला नको. खिडकीतून सोडावे तर समोरचे शेजारी बघणार. माझ्या बारीक मानेतून मात्र काहीच परत वर येत नाही. इतक्या वर्षांनी कुणाला माझी आठवण झाली, ती अशा कामासाठी.

महिन्याला एकशे वीस फवारे मी रिचवले. मला बोलता येत असते तर पहिल्याच दिवशी ओरडले असते. पण पिकदाणीकडून कुणी बोलण्याची अपेक्षा ठेवत नाही, घेण्याचीच ठेवतात.

नवरात्रापर्यंत गुरुजींचा आवाज परत आला. इतका स्वच्छ आला की मलासुद्धा क्षणभर वाटले, बरे केले यांनी. कार्तिकात पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढतात, त्यांच्याखाली गुरुजी महिनाभर पारायण करत. लोक घरी येऊन सांगत, असा आवाज दुसऱ्या कुणाचा नाही. गुरुजी ओशाळून हसत. पद्माबाई म्हणत, “बघा, दवाही चालू आहे आणि आवाजही आला. उगाच परेशान होत होता.”

गुरुजी मान खाली घालत. मी जिन्याखाली, पोटात औषध घेऊन, ऐकत बसे.

जिन्याच्या पायरीवर बसून ते निळा पंप घेत, हे मात्र मला एकटीलाच दिसे. पूर्वी जो चार महिने पुरायचा तो आता महिन्याच्या आत संपे. घाटावरून परत येताना तीन ठिकाणी बसावे लागते, हे त्यांनी एकदा स्वतःशीच पुटपुटून म्हटले. त्यांनाही आतून सगळे कळत होते, मित्रांनो. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा पुरते फसवत नाही. थोडेसे कळतेच, आणि तेवढेच त्याला खात राहते.

पौषात काशी धुक्यात बुडते. धुक्याबरोबर शेकोट्यांचा, चुलींचा, घाटांवरचा सगळा धूर गल्ल्यांत उतरून बसतो. एका सकाळी, पाठाला विद्यार्थी जमले असताना, गुरुजी कोनाड्यापाशी आले. पंप माझ्या तोंडात धरला. पहिला फवारा मारला आणि खोकल्याची अशी उबळ आली की ते खालीच बसले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठांचा रंग बदलला. कमरेच्या निळ्या पंपाला हात गेला, तो त्यांनी दाबला, पुन्हा दाबला. तो रिकामा होता.

स्वयंपाकघरात पद्माबाई दुसऱ्या फवाऱ्याची वाट पाहत होत्या. तो ऐकू आला नाही, म्हणून त्या बाहेर आल्या. आणि त्यांनी पाहिले. नवरा भिंतीला टेकून श्वासासाठी तडफडतो आहे, आणि नारिंगी पंप पिकदाणीच्या तोंडात अडकलेला आहे.

त्या वेळी त्यांनी एक शब्दही विचारला नाही. “नीरजा!” एवढीच माडीवर हाक मारली. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. विद्यार्थ्यांनी गुरुजींना खुर्चीत बसवले, घाटावरून एक नावाडी धावत आला, आणि त्यांनी खुर्ची खांद्यावर घेऊन मोठा रस्ता गाठला. दार उघडेच राहिले. घरात उरले ते धुके आणि मी.

दुपारी पद्माबाई कपडे न्यायला एकट्याच परत आल्या. पिशवी भरून झाल्यावर त्या माझ्यापाशी बसल्या. मला उचलले, वास घेतला, मानेच्या आत बोट फिरवले. बोटाला पांढरी भुकटी लागली. त्यांनी ते बोट बराच वेळ पाहिले आणि मग पदरात तोंड घालून रडल्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मला इतकी लाज वाटली की शेटजींनी केलेले ते कौतुकसुद्धा मी परत देऊन टाकले असते.

गुरुजी वाचले. चार दिवस ऑक्सिजन, इंजेक्शने, यंत्राची वाफ, मग घरी. आल्या दिवशी पद्माबाईंनी मला बैठकीच्या मधोमध आणून ठेवले. शास्त्रीबुवांनंतर प्रथमच.

“ही बघा,” त्या म्हणाल्या. “भांड्याला दवा पाजलीत तुम्ही. भांडं ठणठणीत आहे.”

गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “मी विचार करूनच केलं. वडिलांनी बारा वर्षं शिकवलं, पुढे जन्मभर तेच म्हटलं. आवाज गेला तर मी कोण? घाटावरचा एक बुढ्ढा. श्वास थोडा कमी असला तरी मला चालेल, असं वाटलं.”

“तुम्हाला चालेल. मला विचारलंत?”

“पद्मा...”

“सोळा वर्षं झाली. तुम्ही झोपता, आणि मी तुमची छाती ऐकत पडून राहते. तुमचा आवाज सगळ्या काशीनं ऐकलाय. तुमचा श्वास मी एकटी ऐकते. आवाज जास्त की श्वास जास्त, हे तोलायला बसलात, तेव्हा माझं काही ठेवलंत का त्या तराजूत?”

नीरजाने डोळे पुसले आणि फोन लावून स्पीकर चालू केला. डॉक्टर कालिंदीबाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले, “गुरुजी, शुरू में जब पंप लेते थे, तब कुल्ला करते थे?”

“आचमन करता था. तीन बार, गंगाजल का.”

“थूकते थे?”

गुरुजी चकित होऊन म्हणाले, “गंगाजल कोई थूकता है?”

डॉक्टर हळूच म्हणाल्या, “तो दवा गले पर ही बैठी रही. मुझे पूछना चाहिए था, और आपको बताना.” पुढचे त्यांनी सावकाश समजावले. पंप स्नानाच्या आधी घ्यायचा. नळाच्या पाण्याने तीन-चार गुळण्या करायच्या आणि थुंकायच्या. फवारा घशावर आपटू नये म्हणून पंपाला एक फुगीर नळी जोडायची. औषध थोडे कमी करून पाहू. आणि आवाज बिघडला तर गुपचूप बंद करायचे नाही, फोन करायचा.

“आवाज पूर्ण येईल ना?” गुरुजींनी हा प्रश्न मराठीतच विचारला. त्यांना हिंदी सुचलेच नाही.

नीरजाने तो हिंदीत सांगितला. डॉक्टर म्हणाल्या, “इसका वादा नहीं कर सकती. शायद पूरी न लौटे. पर दवा रोज़ ली, तो ऐसा दौरा फिर पड़ने का डर बहुत कम हो जाएगा.”

फोन बंद झाला. आता ठरवायचे गुरुजींनीच होते. त्यांनी पंपाकडे पाहिले, मग पद्माबाईंकडे. पद्माबाई उठल्या आणि मला उचलून मोरीत घेऊन गेल्या. चिंच लावून, राखेने घासून त्यांनी मला लखलखीत केले. आत बोट घालून शेवटची भुकटीसुद्धा धुऊन काढली. परत येऊन गुरुजींच्या पुढ्यात मला दोन्ही हातांनी धरून बसल्या.

“अगं, दे इकडे, मी धरतो.”

“नाही. मला बघू दे.”

गुरुजींनी पंप तोंडात धरला, सावकाश श्वास ओढला, दहा आकडे होईपर्यंत रोखला. पुन्हा एकदा. मग पेल्यातल्या नळाच्या पाण्याने गुळणी केली आणि थुंकले. तेव्हा कुठे पद्माबाईंच्या हातांची पकड सैल झाली. माझ्या पितळेतून ते मला कळले.

पाच महिने होत आले. निळा पंप फळीवर पडून आहे, दोनदाच लागला. होमाला गुरुजी आता धुरापासून दूर, दाराशी बसतात. आवाज परत आला, पण डॉक्टर म्हणाल्या तसाच, थोडा कमी. खालचे स्वर भरून येतात, वरचा एक येता येता विरतो. परवा पाठात तो विरला तेव्हा सातही विद्यार्थी थांबले. गुरुजी म्हणाले, “तिथून पुढे तुम्ही म्हणा. मी ऐकतो.” आणि ते डोळे मिटून ऐकत बसले. पापण्यांतून पाणी आले, पण त्यांनी पुसले नाही. दूधवाला आता क्वचितच थांबतो. गुरुजींना याचे वाईट वाटते, रोज वाटते, आणि तरी ते रोज पंप घेतात. मला माझ्या सगळ्या आयुष्यात याहून मोठे काही दिसलेले नाही.

पद्माबाई हल्ली गाढ झोपतात. घोरतातसुद्धा, असे गुरुजी कौतुकाने सांगतात.

मित्रांनो, माझे आता वय झाले. मानेला चीर गेली आहे, थोडेसे पाणी झिरपते. मी किती दिवस काम करीन, ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाला दमा असेल, कुणाच्या घरात असेल. औषध घेताना काहीतरी द्यावे लागते, ते मी पाहिले आहे. चव जाते, वेळ जातो, कुणाचा आवाजही जातो. जे जाते त्याचे दुःख खोटे नसते. ते दुःख मोठ्याने सांगा. डॉक्टरांना सांगा, आईला सांगा, आणि मग सगळ्यांनी मिळून काय ते ठरवा. पण माझ्यासारखीच्या तोंडात गुपचूप ओतू नका. मी घेईन, मला नाही म्हणता येत नाही. फक्त त्याचा मला काही उपयोग नाही. मला श्वास घ्यावा लागत नाही. तुम्हाला लागतो, आणि शेजारी कुणीतरी तो ऐकत जागे असते.